आय गर्दी बघायची

पालघरच्या बाजारामागचं पत्र्याचं थेटर आता सिमेंटचं गोदाम झालंय, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि आत पाऊल टाकणं वेगळं. लेकीच्या घराचं काम निघालंय, म्हणून तिच्याबरोबर परवा गेले होते. दारातून आत शिरले आणि उभीच राहिले. वर तेच पत्रे. त्यांच्या भोकांतून उन्हाच्या बारीक काठ्या खाली उतरलेल्या आणि त्यांत सिमेंटची धूळ तरंगत होती. आमच्या वेळी विड्यांचा धूर तरंगायचा. समोरच्या भिंतीवर जिथे पडदा होता, तिथे चुन्याचा एक मळकट चौकोन अजून ओळखू येतो. त्याच्यापुढे गोण्यांची थप्पी.

"आई, काय बघतेस?" लेक म्हणाली.

"इथे आमची बसायची जागा होती," मी म्हटलं. ती दुकानदाराशी बोलायला निघून गेली.

तापलेल्या पत्र्याला एक वास असतो. त्यात घाम, विडी, भुईमुगाची फोलपटं आणि पुढे जमिनीवर बसायला टाकलेल्या गोणपाटांचा कुबट वास मिसळायचा. आणि या सगळ्यावर आमचा वास. सुक्या जवळ्याचा. रिकाम्या टोपल्या दाराशी ठेवून आम्ही आत आलो तरी वास काही टोपलीत थांबायचा नाही. आजूबाजूच्या बायका पदर नाकाला लावून सरकायच्या. माझ्या आयला, म्हणजे आईला, ते बरंच वाटायचं. "वास नको तर अत्तराच्या दुकानात बस," असं मोठ्याने म्हणून ती पाय पसरायची.

माझ्या आयसारखं पिक्चर बघणारं माणूस मी पुढे कुठेच पाहिलं नाही. नायक कोण, नायिका कोण, तिला सांगता यायचं नाही. गाणं लागलं की ती पदराने मान पुसायची, खांद्यावरचं ओझं खाली ठेवल्यासारखी सैल बसायची. पण पडद्यावर बाजार आला, लग्नाची वरात आली, मोर्चा, आग, काहीही आलं ज्यात माणसं लोटतात, की तिचे गुडघे पोटाशी जायचे आणि डोळे पडद्याच्या कडेला. मधे नायिका येऊन उभी राहिली तर ती चिडायची. "सरक गं बाय जरा," असं पुटपुटायची.

ती गर्दीत धर्मामामाला शोधायची.

धर्मामामा आयचा सगळ्यात धाकटा भाऊ. आईबाप गेले तेव्हा तो चालायलाही शिकला नव्हता. आय लग्न होऊन किनाऱ्यावरच्या नवापूरला आली ती त्याला कडेवर घेऊनच. माझ्या बाने त्याला होडीवर वाढवला. पोहायला, वल्हं मारायला, जाळ्याची गाठ मारायला बानेच शिकवलं. मला कळायला लागलं तेव्हा मामा मिसरूड फुटलेला, काटक, हसरा मुलगा होता आणि पिक्चरच्या नादाने पार वेडा झाला होता. पावसाळा सरला की बोईसरला पिक्चरचा तंबू पडायचा. संध्याकाळी होडी लागली की मामा अंगावर पाणी ओतून घ्यायचा आणि चालत सुटायचा. तारापूरकडे तेव्हा मोठं काम निघालं होतं, रस्त्याला ट्रकची रीघ असायची, कधी एखादा ट्रकवाला पाम गावच्या वळणापर्यंत बसवून घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी बोंबील वाळत घालायच्या जागेवर अख्खा पिक्चर पुन्हा व्हायचा. बांबूंवर ताणलेल्या दोऱ्या, त्यांवर जबड्यात जबडा अडकवून लोंबणारे बोंबील, आणि त्यांच्या मधून मामा. तोच राजा, तोच चोर, तोच चोराची आई. घोडा दौडायचा तेव्हा तो रॉकेलच्या डब्यावर बोटांनी टापा वाजवायचा. त्याचं मत पक्कं होतं. "ज्यात घोडा नाय तो पिक्चर नाय," तो मला सांगायचा. "नुसती माणसंच बघायची तर आपल्या बंदरावर कमी हायत काय?"

"पोटाला काय देतो रं तुजा पिक्चर?" आय खेकसायची. पण चोराची आई मरताना मामा असा काही डोळे फिरवायचा, की ती बोंबलांच्या आड तोंड लपवून हसायची. मी पाहिलंय.

मग दिवाळीनंतरची ती अमावास्या. उधाण मोठं होतं. होडी खाडीच्या तोंडाशी बांधलेली आणि राखणीला मामा. सकाळी आम्ही उठलो ते माणसांच्या आवाजाने. खडकांवर आमच्या होडीच्या फळ्या पसरल्या होत्या, काही अजून पाण्यात वरखाली होत होत्या. बा गुडघाभर पाण्यात उभा होता, हातात दोराचं तुटकं टोक धरून. तो काहीच बोलत नव्हता. आणि पामच्या बाजूने, वाळूतून धावत, कालच्याच कपड्यांत मामा येत होता. रात्री तो तंबूत होता.

आय पाण्यात शिरली. बाच्या हातातून तिने तो ओला दोर हिसकावून घेतला आणि मामाला मारायला सुरुवात केली. सगळं बंदर बघत होतं. दोर हवेत फिरायचा तेव्हा पाण्याचे थेंब माझ्या तोंडावर उडायचे. मामाने हात वर केला नाही. एकदा फक्त त्याने अंगावर येणाऱ्या दोराच्या टोकाकडे नीट पाहिलं, आणि मग बाकडे. बा पाण्यात तसाच उभा होता.

"तोंड काळं कर," आय म्हणाली तेव्हा तिचा आवाज फाटला होता. "पिक्चर बघ, त्यातच मर. परत या किनाऱ्याला दिसू नको."

दुपारी तो गेला. कुणीतरी त्याला बोईसरच्या रस्त्याला ट्रकवर चढताना पाहिलं, एवढंच.

त्यानंतर आमच्या घरात पिक्चर हा शब्द कुणी काढला नाही. बा दुसऱ्याच्या होडीवर जाऊ लागला. रॉकेलचा डबा रॉकेलचाच राहिला. आयने त्या दिवसानंतर माझ्यावर कधी हात टाकला नाही. मी काही फोडलं, सांडलं, की तिचा हात उठायचा आणि मधेच थांबायचा, मग तो हात ती लुगड्याला पुसत बसायची. लहान होते, मला त्याची मजा वाटायची. ट्रक जवळून गेला की ती मान वळवून पाठीमागे बसलेले मजूर बघायची. नेहमी. टोपली डोक्यावर असली तरी.

पालघरच्या बाजारात आयच्या शेजारी सफाळ्याची गंगूबाई भात आणि पोहे घेऊन बसायची. गोल चेहऱ्याची, बोलघेवडी, पिक्चरची शौकीन. बाजार उठला की पत्र्याच्या थेटरात दुपारचा खेळ असायचा, तो ती सोडत नसे. आयच्या मागे तिने किती दिवस धोशा लावला. शेवटी देवाचा पिक्चर आला तेव्हा आयचा नाइलाज झाला. देवाला नाही कसं म्हणणार? मी नव्या परकरात, त्या दोघींच्या मधे गोणपाटावर.

देव प्रकट झाला तेव्हा थेटरातल्या सगळ्यांनी हात जोडले, आयनेही. गंगूबाई तर पहिल्यापासूनच रडत होती. मग देवळाबाहेर प्रसादाची पंगत आली. वाढपी पुढे सरकत होते आणि पंगतीत एक जण डाव्या हाताने, कोपर वर काढून, मान खाजवत बसला होता. मामा अशीच मान खाजवायचा. पुढच्या क्षणी त्याने पत्रावळ पुढे ओढली आणि चेहरा उजेडात आला.

आयने माझं मनगट धरलं. अजून आठवलं की तिथे दुखतं.

"धर्मा," ती म्हणाली. मग उभी राहिली. "धर्मा!"

"ए बाई, खाली बस!" मागून लोक ओरडले. पंगत तर केव्हाच संपली होती, देव पुन्हा बोलायला लागला होता. आय उभीच. गंगूबाईने तिला पदराला धरून खाली ओढलं आणि डोळे पुसत विचारलं, "देव दिसला काय गं तुला?"

आय पंगत पुन्हा येते का ते बघत राहिली. मीही त्याला ओळखलं होतं. तो माझा मामा होता, त्याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

त्या दिवसापासून आय पिक्चर बघणारी झाली. बाजाराचा दिवस आला की जवळा खपो न खपो, दुपारी आम्ही पत्र्याखाली. मामा कधी दिसायचा, बहुतेक वेळा नाही. पण पिक्चरबद्दल तिची मतं तयार होत गेली आणि ती परतीच्या वाटेवर, डोक्यावरची टोपली सावरत, मला ठणकावून सांगायची. बंगल्यातले पिक्चर भिकार. मोठाला जिना आणि त्यावर उगीच दोन माणसं. बागेतली गाणी त्याहून भिकार. कोर्टाचे पिक्चर चांगले, कारण त्यात बघायला आलेली माणसं बाकांवर गप्प बसतात आणि एकेकाचं तोंड नीट बघता येतं. लढाईचे पिक्चर तिला सोसायचे नाहीत. एका लढाईत मामा दोनदा मेला, एकदा मिशांसकट आणि एकदा बिनमिशांचा. "एका माणसाला किती वेळा मारायचा?" ती स्टेशनापर्यंत बडबडत होती. "मारायला दुसरी माणसं नायत यांच्याकडं?"

नायिकांबद्दल तिला आदर नव्हता. "रडते, पण नाक वाहत नाय," ती म्हणायची. "नाक वाहल्याशिवाय रडणं आसतं काय?" गंगूबाईशी यावरून तिचं भांडण व्हायचं. गंगूबाईला नाक न वाहताच खूप रडू यायचं.

मला राग यायचा, तेही सांगते. मला नायक बघायचा असे. त्याचा कोट, त्याची मोटार, तो पायऱ्या उतरून यायचा ते. नेमक्या त्याच वेळी आय माझ्या गुडघ्यावर चापट मारायची. "तो बघ, तो थोरल्या घड्याळाखाली, तो नाय काय?" तो नसायचा. तोवर नायक मोटारीत बसून गेलेला असायचा. पुढे मी शिक्षिका झाले, मुंबईची थेटरं पाहिली, घरात टीव्ही आला. पण कुठलाही पिक्चर लागला की माझे डोळे आपोआप मागच्या माणसांवर जातात. नातवंडं हसतात. सगळ्यांना कथा कळलेली असते आणि मला कळलेलं असतं की चहावाल्याच्या भूमिकेतला माणूस डावखुरा आहे.

मग तो कैद्यांचा पिक्चर आला. दगडाची खाण, पायांत बेड्या, रांगेत वाकून चालणारी माणसं. मामा रांगेत तिसरा की चौथा होता. पहारेकऱ्याने चाबूक उगारला तो त्याच्यावर. मामा पडला. थेटरात तारापूरच्या कामावरचे हिंदी बोलणारे कामगार होते, पुढून नायक धावत आला तशा त्यांनी शिट्ट्या मारल्या. आय उठली आणि सरळ बाहेर गेली. मी तिला शोधत स्टेशनवर गेले, तर बाकावर रिकामी टोपली मांडीवर घेऊन ती बसलेली.

घरी आल्यावर ती जेवली नाही. बा अंगणात जाळं शिवत होता. उन्हं कलली होती, खाडीच्या ओहोटीचा चिखल वास मारत होता.

"त्याला मारला," आय म्हणाली. "सगळ्यांसमोर मारला."

"नाटक असतं ते," बा म्हणाला.

"मी मारला ते नाटक होतं काय?"

बाचा हात थांबला. जाळ्याची सुई त्याने मांडीवर ठेवली. मग, जाळ्याकडेच बघत, म्हणाला, "दोर कुजला होता."

आयने मान वर केली.

"मला म्हाईत होता," बा म्हणाला. "बदलायचा होता. आज बदलू, उद्या बदलू करत राहिला. ते उधाण... तो दोर टिकायचाच नव्हता. धर्मा होडीत असता तर तो पण गेला असता खडकावर."

मी दाराच्या आत होते. तिथूनही मला आयचा श्वास ऐकू येत होता.

"मंग मी मारत होते तवा बोलला का नाय तुमी?"

"सगळा गाव होता," बा म्हणाला. "तोंड उघडलाच नाय."

मला वाटलं आता आय किंचाळेल, जाळं फेकून देईल. तिने तसं काही केलं नाही. ती आत आली, चुलीपुढे बसली आणि विझलेल्या चुलीत फुंकर घालत राहिली. थोड्या वेळाने मला म्हणाली, "म्हणजे पिक्चरनं वाचवला गं त्याला. आन त्या पिक्चरपायीच मी त्याला मारला."

मग घरात दोघं वागायची, बोलायची, कामं करायची. पण बा ताटावर बसला की आय वाढून लगेच बाहेर जायची. आणि बा अर्ध्यावर उठायचा.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आमच्या किनाऱ्यावर शूटिंग आलं. कुणाला आधी काही कळवलेलं नव्हतं. सकाळी सकाळी मुंबईकडून ट्रक आणि मोटारी आल्या. वाळूत छत्र्या उभ्या राहिल्या, चांदीचा कागद लावलेल्या मोठ्या फळ्या उन्हात धरून माणसं उभी. एक टोपीवाला आम्हा सगळ्यांना हाताने मागे रेटत होता. "पीछे, पीछे हटो!" आमचाच किनारा आणि आम्हीच मागे. ट्रकमधून कोळी उतरले. नक्षीच्या बंड्या, कमरेला लाल रुमाल, गालांना रंग. आमच्यातले खरे कोळी त्यांच्याकडे बघून पोटं धरून हसत होते. नायिका छत्रीखाली खुर्चीत बसून पायांची वाळू झाडत होती.

त्या रंगवलेल्या कोळ्यांत मामा होता.

मीच आधी पाहिला. मी बोंबलांच्या दोऱ्यांपाशी आयकडे धावले. आयने माझ्या तोंडाकडे पाहिलं, हातातले बोंबील टाकले आणि चालायला लागली. ती धावली नाही. मिठाने भरलेले हात अंगापासून लांब धरून, गर्दीतून, टोपीवाल्याच्या हाताखालून, सरळ. कॅमेरा चालू होता. नायिका लाटांच्या कडेने चालत होती आणि तिच्यामागून सगळे कोळी जाळं ओढत होते.

"ए बाई! हटो, हटो!" चारी बाजूंनी ओरडा झाला. जाळं ओढणारे थांबले.

आय मामापुढे उभी राहिली. तो खूप वाळला होता. डोळ्यांखाली काळं होतं, रंगातूनही दिसत होतं.

"ह्या मिशा काय लावल्या?" आय म्हणाली.

मामाने घाईने मिशी उपटून हातात घेतली. "ताय, मी आलो नाय गं," तो म्हणाला. पोरासारखा घाबरला होता. "ट्रकनं आणला. कुठं नेतात ते सांगत नाय. उतरलो तवा कळला आपला किनारा हाय. मी लगेच जातो."

आय वळली. आमचा सगळा गाव तिथे उभा होता, त्या दिवशी सकाळी होता तसाच. तिने हात वर केला नाही, पण लोक गप्प झाले.

"ऐका रं," ती म्हणाली. "ह्याला मी मारला. इथून हाकलला. तुमी सगळ्यांनी बघितला. मंग आता हे पण ऐका. ह्याची चूक नव्हती. चूक माझी."

"आगं, पण होडी..." कुणीतरी म्हातारा बोलू लागला.

"होडी गेली ती गेली. चूक माझी. ह्याच्या नावानं परत कोणी काय बोलला तर मला सांगा."

दोराबद्दल ती बोलली नाही. बा पुढेच उभा होता, पहिल्या रांगेत. मी त्याच्याकडे बघत होते. त्याचे ओठ हलले. एक पाऊल पुढे पडलं, मला ते नक्की दिसलं, वाळूत ठसा उमटला. मग त्याने पाऊल मागे घेतलं आणि खाली बघत राहिला. लाट आली आणि आमच्या सगळ्यांच्याच पायांखालची वाळू जराशी सरकली.

"क्या बोल रही है?" टोपीवाल्याने विचारलं.

"भाई है उसका," आमच्यातल्या कुणीतरी सांगितलं.

कॅमेऱ्याशेजारी खुर्चीत बसलेल्या साहेबाने हात हलवला आणि सगळ्यांना चहा मिळाला. त्याला दया आली असेल; नेमका तेव्हाच सूर्यावर ढग आला होता, त्यामुळेही असेल. आयने मामाला बाजूला घेतलं. डोळे पुसत, नाक ओढत ती त्याला म्हणाली, "आसा कोण नेसतो रं रुमाल? लाज नाय वाटत?" आणि तिथेच, सगळ्यांदेखत, तिने त्याचा रुमाल सोडून आपल्या पद्धतीने बांधून दिला. बांधताना त्याला एकेक पिक्चर सांगू लागली. पंगतीत तू नीट जेवलास का? लढाईत पडलास तेव्हा लागलं नाही ना? त्या कोर्टात तुला सगळ्यात मागे का बसवला? मामा आधी हसत होता. मग त्याच्या लक्षात आलं की तिने एकही सोडलेला नाही, आणि तो हसायचा थांबला.

चहा संपल्यावर टोपीवाला आला, रुमालाकडे बघून त्याने कपाळाला हात लावला आणि तो पुन्हा पहिल्यासारखा चुकीचा बांधून गेला.

जाताना मामाने मला ट्रकपर्यंत बरोबर घेतलं. "बा तुझा बोलला नाय माझ्याशी," तो म्हणाला.

मी खाली बघत सांगून टाकलं, "दोर कुजला होता."

"म्हाईत हाय मला," मामा म्हणाला. "अंगावर पडला तवाच बघितला. कुजका दोर लागत नाय तेवढा."

"मंग तू का नाय बोललास?"

त्याने ट्रकच्या फळीवर हात ठेवला. "भावजीनं मला पाण्यात उभा राहायला शिकवला. त्याला तिथं, पाण्यात, कसा पाडू?" मग माझ्या डोक्यावर टपली मारून वर चढला. "तायला बोलू नको काय."

ताईला आधीच माहीत आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. ट्रक पामच्या वळणाला दिसेनासा होईपर्यंत आय रस्त्यावर उभी होती. पुढे मामा शिमग्याला यायचा, एखादा दिवस राहायचा, पोरांना घोड्याच्या टापा वाजवून दाखवायचा. पण बंदरावर तो परत कधी राहिला नाही आणि आयनेही कधी राहा म्हटलं नाही. तेवढं मागायचा आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटत असावं.

आता ती सगळी गेली. मामा मुंबईतच गेला, आय त्याच्या मागून. लेकीचं सिमेंट ठरलं, टेंपो आला, पोरं गोण्या उचलायला लागली. चुन्याच्या चौकोनापुढची थप्पी कमी होत होती. मला त्यांना म्हणावंसं वाटलं, जरा हळू. पण म्हणून काय करणार? मी त्याच जागेवर, जमिनीवर, एका रिकाम्या गोणपाटावर टेकले. लेक म्हणाली, अगं साडी खराब होईल. मी म्हटलं, होऊ दे.

कारण इथेच, याच जमिनीवर, बा एकदा आला होता. आमच्या किनाऱ्याचा पिक्चर पालघरला लागला तेव्हा. तोवर त्याने एकही पिक्चर पाहिला नव्हता. त्या दिवशी सकाळी तो धुतलेला सदरा घालून आमच्याआधीच रस्त्यावर उभा होता. आय टोपली उचलून चालू लागली. थेटरात मी मधे, एका बाजूला ती, एका बाजूला तो. गंगूबाईने सरकून जागा दिली.

आमचा किनारा आला. नायिका लाटांच्या कडेने चालत गेली आणि तिच्यामागे मामा होता, चुकीचा रुमाल बांधलेला, जाळं ओढणारा. खांद्याला खांदा लावून आम्ही तिघं बघत होतो. आय मधे आली ते अर्थातच त्यात नव्हतं. समुद्र होता, मामा होता, मग दुसरंच काहीतरी सुरू झालं. एक मोठी मारामारी लागली. कपाटं पडत होती, काचा फुटत होत्या, पोरं ओरडत होती.

त्या गोंगाटात बा माझ्यावरून आयकडे वाकला. इतक्या जवळून त्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"त्या दिवशी किनाऱ्याला," तो म्हणाला, "मी बोलायला पायजे होता."

आय पडद्याकडेच बघत राहिली. तिच्या तोंडावर उजेड पडत होता, जात होता, पडत होता. तिचा हात माझ्या मांडीवरून पलीकडे गेला आणि बाच्या धुतलेल्या सदऱ्याची बाही तिने मुठीत धरली.

"गप बसा," ती म्हणाली. "पिक्चर चालू हाय."